लकव्यानंतर हात पुन्हा चालावा म्हणून: यंत्रे काय करतात आणि काय करत नाहीत

लकव्याचा झटका येऊन गेला की दोन-तीन महिन्यांत बरेच रुग्ण काठी टेकत घरातल्या घरात चालू लागतात आणि भेटायला येणारे लोक 'आता तब्येत सुधारली' असे म्हणून निश्चिंत होतात. हाताची गोष्ट मात्र वेगळी असते. तो छातीशी दुमडलेला असतो, मूठ आवळलेली असते आणि सदऱ्याच्या बाहीत घालायचा झाला तर दुसऱ्या कुणीतरी तो सरळ करून द्यावा लागतो. पायात नुसता ताठरपणा आला तरी उभे राहण्याचे आणि चार पावले टाकण्याचे काम कसेबसे भागते. हाताला त्या ताठरपणाचा काहीही उपयोग नसतो, कारण पोळीचा घास तोडणे, बटण लावणे, कुलपात किल्ली फिरवणे अशा कामांना बारीक, नेमकी आणि दर वेळी थोडी वेगळी हालचाल लागते. म्हणूनच चालता येऊ लागलेला माणूसही जेवण, अंघोळ, कपडे यांसाठी वर्षानुवर्षे दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत, तसेच मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहान भागातल्या एम्समध्ये भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. झटक्यावरचा पहिला उपचार आटोपून सुट्टी मिळते, फिजिओथेरपी सुरू होते आणि मग नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो: मशीन लावल्याने हात चालू होतो का? मोबाइलवर रोबोटिक हातमोज्यांच्या जाहिराती दिसत असतात, कुणा ओळखीच्याने मोठ्या शहरातल्या केंद्राचे नाव सांगितलेले असते आणि घरातला पैसा रुग्णालयाच्या बिलात बराचसा संपलेला असतो. अशा वेळी 'हो' किंवा 'नाही' एवढे उत्तर पुरत नाही. यंत्र कोणते, ते नेमके काय करते आणि कोणत्या हातासाठी ते उपयोगाचे आहे, हे समजून घ्यावे लागते.

सुरुवात मेंदूपासून करावी लागेल, कारण बिघाड हातात झालेला नसतो. हाताचे स्नायू, हाडे आणि हातातल्या नसा झटक्याच्या दिवशी जशाच्या तशा असतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद पडतो किंवा रक्तवाहिनी फुटून तिथे रक्तस्राव होतो, आणि त्या भागातल्या पेशी मरतात. हालचालीचा आदेश मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका पट्ट्यातून निघतो, मेंदूच्या खोल भागातून खाली येतो, मानेच्या वरच्या बाजूला त्यातले बहुतेक तंतू विरुद्ध बाजूला जातात आणि पाठीच्या कण्यातून तो हातापर्यंत पोहोचतो. त्यामुळे मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात पडतो. त्या पट्ट्यात बोटे आणि अंगठा यांच्यासाठी राखलेली जागा खांद्याच्या किंवा पाठीच्या मानाने खूपच मोठी आहे, आणि खाली येणारे सगळे तंतू मेंदूच्या आत एका अरुंद जागेत दाटीवाटीने जमा होतात. तिथे अगदी लहान गुठळी अडकली तरी संपूर्ण हात निकामी होऊ शकतो, याचे कारण हेच आहे.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परत येऊ शकते ते काम, कारण आजूबाजूच्या आणि काही प्रमाणात विरुद्ध बाजूच्या पेशी नवी जोडणी करून त्या कामाचा काही भाग उचलतात. मेंदूच्या या बदलण्याच्या क्षमतेला कालमर्यादा अशी नाही, पण झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तिचा जोर सर्वांत अधिक असतो. अमेरिकेतल्या 72 रुग्णांवरचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला 20 तासांचा जादा हाताचा सराव काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर आणि काहींना सहा महिन्यांनंतर देण्यात आला. सर्वाधिक फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावरच्या गटाला झाला, पहिल्या महिन्यातल्या गटालाही काही प्रमाणात झाला, पण तेवढ्याच तासांचा उशिरा दिलेला सराव फारसा लागू पडला नाही. आपल्याकडे नेमका हाच काळ वाया जातो. सुट्टी होऊन गावी गेल्यावर 'थोडी ताकद येऊ द्या, मग व्यायाम सुरू करू' असे म्हणत दोन महिने निघून जातात, आणि मग रुग्ण आवळलेली मूठ घेऊन परत येतो.

कोणाचा हात कितपत परतेल याचा अंदाज मात्र बराच लवकर येतो आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. झटक्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला बोटे थोडी तरी सरळ करता येतात का आणि खांदा बाजूला थोडा तरी उचलता येतो का, एवढे पाहायचे. नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासात ज्यांना या दोन्ही हालचाली दुसऱ्या दिवशी थोड्याफार जमत होत्या, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काहीतरी कौशल्य परतण्याची शक्यता 98 टक्के निघाली, आणि ज्यांना दोन्ही जमत नव्हत्या त्यांच्यात ती सुमारे 25 टक्केच होती. मूठ आवळता येणे हे चांगले लक्षण आहे असे घरचे समजतात, पण खरी परीक्षा मूठ उघडण्याची असते. म्हणून डॉक्टर राउंडला आले की हात किती जोरात दाबता येतो यापेक्षा बोटे किती उघडतात हे विचारावे.

आता सरावाकडे येऊ. मेंदूत नवी जोडणी व्हायची तर तीच हालचाल पुष्कळ वेळा, स्वतः प्रयत्न करून आणि काहीतरी साध्य करण्यासाठी व्हावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले तेव्हा ते प्राणी दिवसाकाठी तीच हालचाल शेकडो वेळा करत होते. याउलट अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत थेरपीच्या सत्रांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले गेले, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव एका सत्रात सरासरी 32 वेळाच झालेला आढळला. तिथली ही स्थिती असेल, तर आपल्याकडे एका थेरपिस्टसमोर दिवसभरात किती रुग्ण येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येतात हे लक्षात घेता आकडा वेगळा काय असणार? रोबोट, विजेचे झटके देणारी उपकरणे, पडद्यावरचे खेळ या सगळ्यांचा जन्म या एकाच अडचणीतून झाला आहे. थेरपिस्टचा हात थकतो, वेळ संपतो, रुग्ण कंटाळतो. मग शेकडो आवर्तने करवून कोण घेणार?

या यंत्रांतले पहिले महत्त्वाचे नाव एमआयटी-मॅनस. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी 1989 पासून ते घडवायला घेतले आणि 1994 मध्ये त्याच्या रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. रुग्ण टेबलाशी बसतो, त्याची कोपरापुढची बाजू एका आधारात बांधलेली असते, पंजा दांड्यावर असतो आणि समोरच्या पडद्यावर मध्यभागी एक ठिपका व त्याभोवती वर्तुळाकार आठ ठिपके दिसतात. मधल्या ठिपक्यापासून एका कडेच्या ठिपक्यापर्यंत हात न्यायचा, परत मध्ये आणायचा, मग पुढचा ठिपका. यंत्र लगेच ओढत नाही. ते थोडे थांबते, रुग्णाच्या बाजूने हालचाल सुरू होते का ते पाहते, हात वाट चुकू लागला की हलकेच सावरते आणि अडला तरच पुढे ढकलते. सायकल शिकवताना मागून सीट धरणारा माणूस पोर तोल सावरू लागले तशी पकड ढिली करत जातो, तसाच हा मदतीचा हात असतो. रुग्ण जितका अधिक करतो तितके यंत्र कमी करते. अशा रीतीने एका तासात कित्येक शे आवर्तने होतात, आणि प्रत्येक वेळी हात किती सरळ रेषेत गेला, किती वेळ लागला, यंत्राला किती जोर लावावा लागला याची नोंद आपोआप राहते.

एवढे ऐकल्यावर वाटते की प्रश्न सुटलाच. तसे झालेले नाही, आणि हा भाग जाहिरातींत सहसा सांगितला जात नाही. अमेरिकेत झटक्याला बराच काळ उलटलेल्या 127 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 12 आठवड्यांत 36 सत्रे देण्यात आली. त्या 12 आठवड्यांच्या शेवटी रोबोटचा गट इतरांपेक्षा ठळकपणे पुढे गेलेला दिसला नाही. 36 आठवड्यांनी तो नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत थोडा पुढे होता, पण थेरपिस्टने तितकाच भरपूर सराव करून घेतलेल्या गटापेक्षा नव्हे. त्यानंतर ब्रिटनमध्ये 770 रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि 2019 मध्ये तिचा निकाल आला: रोबोटवर आठवड्याला तीन दिवस, 45 मिनिटे, 12 आठवडे सराव करूनही हाताने रोजची कामे करण्याच्या क्षमतेत नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. हाताची नुसती हालचाल काहीशी सुधारली, पण ती सुधारणा जेवणे-कपडे घालणे इथपर्यंत पोहोचली नाही. दुसऱ्या बाजूला 2018 मध्ये 45 चाचण्या आणि 1619 रुग्ण एकत्र घेऊन कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने केलेल्या आढाव्यात यंत्राच्या साहाय्याने केलेल्या सरावाने हाताची ताकद, हालचाल आणि रोजची कामे यांत सुधारणा होते असे आढळले, पण ती रोजच्या जगण्यात किती जाणवेल याबद्दल आढावा घेणारे सावधच राहिले.

माझ्या मते या परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांतून एक गोष्ट स्पष्ट निघते. यंत्र हाताला बरे करत नाही. ते सरावाची संख्या वाढवते, आणि हा सराव जितका एखाद्या खऱ्या कामाजवळ जाणारा असेल तितकाच तो कामाला येतो. टेबलावर ठिपक्यांमागे हात फिरवण्यात तरबेज झालेला मेंदू ताटातली भाजी घासाबरोबर उचलायला आपोआप शिकत नाही, कारण त्यात बोटांची पकड, मनगटाचा कोन आणि तोंडापर्यंतचे अंतर अशी सगळीच गणिते वेगळी असतात. त्यामुळे यंत्रावर तासभर झाल्यावर लगेच त्याच हालचालीचा उपयोग करणारे एखादे घरगुती काम थेरपिस्टने करवून घेतले तर त्या तासाचे चीज होते, नाहीतर ती नुसती कसरत राहते.

हवेच्या दाबाने बोटे उघडणारे-मिटणारे हातमोजे सध्या ऑनलाइन सर्रास मिळतात आणि त्यांच्याविषयी सर्वाधिक विचारणा होते. हातमोजा घालून टीव्ही पाहत बसलेल्या रुग्णाची बोटे तासभर उघडतात आणि मिटतात, हे खरे. त्याने सांधे आखडण्याचे प्रमाण कमी राहू शकते आणि काहींचा ताठरपणा तात्पुरता सैल होतो. पण बोटे कोणी उघडली? यंत्राने. मेंदूने आदेशच दिला नसेल तर मेंदूला शिकायला मिळाले तरी काय? अशा हातमोज्याचा उपयोग करायचाच असेल तर प्रत्येक वेळी यंत्र बोटे उघडण्याच्या आधी रुग्णाने स्वतः जोर लावायचा, त्यानंतर यंत्राची मदत घ्यायची, आणि हातमोजा काढल्यावर तीच हालचाल एखादी प्लास्टिकची वाटी धरण्या-सोडण्यासाठी करून पाहायची. काही उपकरणांत रुग्णाच्या चांगल्या हातात दुसरा हातमोजा असतो आणि त्याची हालचाल पाहून कमजोर हाताचा हातमोजा चालतो. तिथेही लक्ष कमजोर हाताच्या प्रयत्नावर राहिले तरच अर्थ आहे.

विजेच्या उपकरणांची कथा थोडी निराळी आहे. कोपरापुढे, हाताच्या पाठीच्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युतप्रवाह दिला की मनगट आणि बोटे वर उचलणारे स्नायू आकुंचन पावतात आणि मूठ उघडते. हे नुसते शेक दिल्यासारखे 'करंट लावणे' राहिले तर लाभ मर्यादित असतो. पण प्रवाह सुरू होताना रुग्णाने ग्लासकडे हात नेला, मूठ उघडल्यावर ग्लास धरला, प्रवाह थांबल्यावर उचलला, असे काम त्याच्याशी जोडले तर पुष्कळांना मूठ उघडण्याची हरवलेली जाणीव परत येऊ लागते. काही उपकरणे स्नायूतला रुग्णाचा स्वतःचा क्षीण संकेत टिपतात आणि तो ठरावीक पातळीवर पोहोचला तरच प्रवाह सोडतात. ही रचना मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण तिथे आधी प्रयत्न लागतो आणि मग बक्षीस मिळते. छातीत पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर हे उपकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

पडद्यावरच्या खेळांबद्दल अपेक्षा फार वाढल्या होत्या. कॅनडाच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 141 रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे व्हिडिओ गेम खेळायला दिले आणि उरलेल्यांना तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ दिले. दोन्ही गट सारखेच सुधारले. ज्यांच्या घरात महागडे उपकरण येण्याची शक्यता नाही, त्यांना धीर देणारा असा दुसरा निष्कर्ष मला माहीत नाही. पत्त्यांचा डाव वाटण्याचे काम कमजोर हाताला द्यावे. पत्ता सुटा करणे, उचलणे, मनगट फिरवणे, सोडणे अशा चार हालचाली त्यात येतात आणि नातवंडे आनंदाने सोबत बसतात.

भारतातही या क्षेत्रात चांगले काम होते आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि आयआयटी मद्रासने मिळून पंजा आणि मनगटासाठी 'प्लूटो' नावाचे यंत्र तयार केले. हैदराबादच्या आयआयटीत वाढलेल्या एका स्टार्टअपने टेबलावर ठेवून खेळांतून हाताचा सराव देणारे 'आर्मएबल' बनवले, आणि दिल्लीत आयआयटी व एम्स यांनी मनगट-बोटांसाठीच्या रोबोटिक उपकरणावर एकत्र काम केले आहे. परदेशी यंत्राची किंमत आणि ते बिघडल्यावर दुरुस्तीला लागणारा काळ पाहता अशी देशी यंत्रे जिल्हा पातळीवर पोहोचणे अत्यंत गरजेचे आहे, असे मला मनापासून वाटते. पण यंत्र पोहोचले आणि ते चालवणारा प्रशिक्षित थेरपिस्ट पोहोचला नाही, तर ते खोलीच्या कोपऱ्यात झाकून ठेवले जाईल.

पुढच्या टप्प्यातली दोन तंत्रे थोडक्यात सांगतो. पहिल्यात मानेतल्या व्हेगस नसेभोवती लहान तार बसवतात, छातीत त्वचेखाली यंत्र ठेवतात, आणि रुग्णाने हालचाल केली की थेरपिस्ट बटण दाबून त्या नसेला अर्ध्या सेकंदाचा संकेत देतो, म्हणजे मेंदू त्या हालचालीची नोंद अधिक घट्ट करतो. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 108 रुग्णांच्या चाचणीत हाताच्या हालचालीच्या 66 गुणांच्या मोजपट्टीवर या गटाचे सरासरी 5 गुण वाढले, नुसत्या सरावाच्या गटाचे 2.4. अमेरिकेने ऑगस्ट 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. दुसऱ्यात डोक्यावर लावलेले सेन्सर मेंदूतील 'हात हलवायचा आहे' हा हेतू ओळखतात आणि पंजावरचे उपकरण बोटे उघडते. दोन्ही तंत्रांत सराव टळत नाही. फक्त प्रत्येक आवर्तनाचे वजन वाढवण्याचा प्रयत्न असतो.

इतके सगळे सांगून झाल्यावर ज्यावर मला सर्वाधिक लिहायचे आहे त्या गोष्टीला यंत्र लागतच नाही. हात सुरुवातीला चालत नाही, म्हणून माणूस चांगल्या हाताने कामे करू लागतो. पुढे हात थोडा चालण्याजोगा झाला तरी त्याला कामाला लावायची सवय मोडलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी ही न वापरण्याची शिकलेली सवय ओळखली आणि तिच्यावर उपाय म्हणून चांगला हात मोज्यात बांधून कमजोर हाताकडूनच काम करून घेण्याची पद्धत रुजवली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत जागेपणीच्या 90 टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा ठेवला गेला, दोन आठवडे रोज कित्येक तास सराव झाला, आणि फायदा वर्षभरानंतरही टिकून राहिला. अट एवढीच की मनगट आणि बोटे थोडी तरी स्वतःहून उघडता यायला हवीत. ज्यांची मूठ मुळीच उघडत नाही त्यांच्यावर ही पद्धत लादली तर पदरी फक्त निराशा येते. झटका आल्याबरोबर पहिल्या आठवड्यांत अति सराव करणेही अयोग्य आहे. तसे करून पाहिलेल्या 2009 च्या एका चाचणीत सर्वाधिक सराव केलेला गट तीन महिन्यांनी मागे राहिलेला आढळला होता.

आपल्या घरांत ही पद्धत उतरवताना थोडा विचार करावा लागतो. उजवा हात पडलेल्या माणसाला चारचौघांत डाव्या हाताने जेवायची लाज वाटते, म्हणून तो पंगतीत बसणे टाळतो आणि त्याला बायको किंवा सून भरवते. भरवण्यामागे माया असते, पण त्यात हाताची दिवसातली सर्वांत मोठी संधी जाते. एक घास चमच्याने का होईना कमजोर हाताने घ्यायचा, चमच्याच्या दांड्याला जाड कापड किंवा फोम गुंडाळून पकड मोठी करायची, ताटाखाली ओला रुमाल ठेवायचा म्हणजे ते सरकत नाही. मग उरलेले जेवण दुसऱ्या हाताने झाले तरी चालेल. हिवाळ्यात संत्र्याचे दिवस आले की संत्रे सोलायला द्यावे. सुरुवातीला कमजोर हाताने फक्त फळ धरून ठेवायचे आणि चांगल्या हाताने साल ओढायची. पंधरवड्याने भूमिका बदलायच्या, कमजोर अंगठा सालीच्या कडेखाली घालायचा आणि तुकडा निघेपर्यंत रेटायचा. फोडी एकेक सुट्या करणे हे तर चिमटीचे उत्तम काम आहे. बायकांना फुलवाती वळण्याचे, तुरीच्या डाळीतले खडे वेचण्याचे, मटार सोलण्याचे काम देता येते, आणि ते 'व्यायाम' म्हणून नव्हे तर घरातला वाटा म्हणून दिले की त्या ते मनावर घेतात.

मूठ बिलकूल न उघडणाऱ्यांसाठी आरशाचा उपचार आहे. आरसा दोन हातांच्या मधोमध उभा ठेवायचा, कमजोर हात त्याच्या मागे, चांगला हात समोर. चांगल्या हाताची बोटे उघडताना आरशात पाहायचे, म्हणजे डोळ्यांना कमजोर हातच उघडतो आहे असे दिसते, आणि त्याच वेळी कमजोर हाताने तसा प्रयत्न करायचा. अर्धा तास, रोज. 62 अभ्यास एकत्र केलेल्या 2018 च्या आढाव्यात त्याचा हाताच्या हालचालीला आणि काही रुग्णांत वेदना कमी होण्याला उपयोग दिसला. काचेच्या दुकानातून कापून आणलेल्या आरशाने हे काम होते. कडा मात्र घासून घ्याव्यात.

गडचिरोली किंवा गोंदियाच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा नागपूरला येणे परवडणार नाही, हे उघड आहे. त्यांच्यासाठी मोबाइलचा व्हिडिओ कॉल हेच सर्वांत उपयुक्त तंत्रज्ञान ठरू शकते. अमेरिकेत 124 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी पडद्यावरून थेरपी घेतलेल्यांची सुधारणा केंद्रात जाऊन घेतलेल्यांइतकीच निघाली. पहिली तपासणी समोरासमोर व्हावी, घरच्या एका माणसाने व्यायाम नीट शिकून घ्यावा आणि नंतर आठवड्यातून एकदा थेरपिस्टने कॅमेऱ्यावरून हाताची हालचाल पाहून पुढचे काम ठरवावे, एवढी व्यवस्था झाली तरी अर्धे अंतर कापले जाते. मनगटावर बांधायचे हालचाल मोजणारे घड्याळही कमजोर हाताला बांधून पाहण्यासारखे आहे, कारण दिवसभरात तो हात खरोखर किती हलला हे रुग्णाला आणि घरच्यांना बहुधा ठाऊक नसते.

खांद्याची काळजी या सगळ्याच्या आधी येते. स्नायू ढिले असताना हाताच्या वजनाने खांद्याचे हाड खोबणीतून थोडे खाली सरकते, आणि अशा हाताला धरून रुग्णाला उठवले तर कायमचे दुखणे मागे लागते. उठवताना पाठीला किंवा कमरेला आधार द्यावा, बसवताना हाताखाली उशी ठेवावी. दाराच्या चौकटीला पुली अडकवून चांगल्या हाताने कमजोर हात वर ओढण्याचा व्यायाम आपल्याकडे घरोघर दिसतो. लकव्याच्या खांद्यासाठी तो टाळावा असे मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. ताठरपणा इतका वाढला असेल की तळहात धुताही येत नाही, तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनाबद्दल न्यूरॉलॉजिस्टला विचारावे. त्याचा परिणाम काही महिने राहतो आणि त्याच काळात सराव वाढवावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास गेला की रुग्ण लवकर थकतो, म्हणून सराव सकाळी लवकर आणि संध्याकाळी, थोडाथोडा करून घ्यावा.

एखाद्या केंद्रात यंत्र दाखवले गेले तर काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. यंत्र हात हलवते की रुग्णाच्या प्रयत्नाची वाट पाहते? एका सत्रात किती आवर्तने होतात? यंत्रानंतर कोणते प्रत्यक्ष काम करवून घेतले जाते, आणि घरी काय करायचे ते कोण शिकवते? झटक्याला वर्ष-दोन वर्षे उलटली असतील तरी विचारायला संकोच करू नये. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या हाताच्या विशेष कार्यक्रमात बहुतेक रुग्ण झटक्यानंतर वर्षाहून अधिक काळाने दाखल झाले होते, आणि तीन आठवड्यांत सुमारे 90 तास सराव केल्यानंतर त्यांच्या हातात दिसलेली सुधारणा सहा महिन्यांनीही टिकली होती.

सुरुवात करताना एका वहीत तीन गोष्टी मोजून लिहाव्यात: मूठ किती उघडते, दहा मण्यांपैकी किती मणी एका वाटीतून दुसरीत टाकता येतात आणि त्याला किती सेकंद लागतात, आणि दिवसातली कोणती दोन कामे कमजोर हाताने झाली. दर रविवारी हेच पुन्हा मोजावे. सहा आठवड्यांत हे आकडे जागचे हलले नाहीत, तर यंत्र असो वा नसो, सरावाची पद्धत बदलण्याविषयी थेरपिस्टशी बोलावे आणि ती वही सोबत न्यावी.